तांड्याच्या गोण्या आणि संगणकाचीं पॅकेटें

वाशीम जिल्ह्यांत मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें तीर्थक्षेत्र होय. या समाजाचे तांडे पूर्वीं धान्य व मीठ गोण्यांत भरून बैलांच्या पाठीवर देशोदेशीं नेत. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी धांवली. पुढें लोहमार्ग पसरले आणि तो धंदा बुडाला. तथापि आजच्या संगणकजालाची परिभाषा समजण्यास तांड्याचाच दाखला उपयोगी पडतो.

१९६५ च्या सुमारास इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं संगणकाचा मजकूर लहान तुकड्यांत पाठविण्याची योजना मांडली व त्या तुकड्यास ‘पॅकेट’ हें नांव दिलें. तांडा एका वाटेनें जाई. पॅकेटें निरनिराळ्या वाटांनींही जातात आणि अखेरीस क्रमानें जुळविलीं जातात. वाटेची वहनशक्ति ती ‘बँडविड्थ’. पोंचण्यास लागणारा वेळ ती ‘लेटन्सी’. पत्राचा तुकडा हरवल्यास पुन्हां मागवितां येतो. थेट चालत्या चित्राचा तुकडा उशिरां आल्यास व्यर्थ होतो व चित्र अडखळतें. म्हणून ‘बफर’ नांवाचा अल्प सांठा आधींच करून ठेवितात. कणगींत दाणे असले, म्हणजे तांड्यास उशीर झाला तरी चूल विझत नसे!

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत हें जाल सर्वसामान्यांस खुलें झालें. त्याचे शब्द परके खरे. पण त्यांचा अर्थ, ज्यांच्या पूर्वजांनीं गोण्या वाहिल्या, त्यांस परका नाहीं.