कॅम्पर व्हॅन : उष्णतारोधन व अस्तर

मालवाहू किंवा प्रवासी व्हॅन राहण्याजोगी करताना पत्र्याच्या आतून बसवायचे थर. जळगावलगतच्या पिंप्राळ्यापासून धुळ्यापर्यंतच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५° से.च्या घरात जातो. उभ्या गाडीचा टप तर त्याहूनही कितीतरी जास्त तापतो. म्हणून जाड थराचा पहिला मान टपाचा. खानदेशातील धाब्याच्या घरात छतावरचा मातीचा जाड थर ऊन शोषून उष्णता आत उशिरा पोचवतो. गाडीला ते वजन पेलणारे नाही. तिथे हवा कोंडून धरणारे हलके साहित्यच हवे. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० वॉट प्रतिमीटर-केल्व्हिन, तर ग्लासवूल व थर्मोकोलची ०.०४च्या आसपास असते. थर्मोकोल स्वस्त, पण सहज पेट घेतो. ज्या गाडीत स्वयंपाक होणार तिथे तो टाळलेलाच बरा. चकचकीत फॉइल पत्र्याला चिकटवून टाकले की वाया जाते, कारण त्यासमोर हवेची पोकळी लागते. पत्र्याच्या आतल्या उभ्या-आडव्या पट्ट्या उघड्या राहिल्या, तर उष्णता तिथूनच आत शिरते. थंडीत श्वासातली वाफ त्याच पट्ट्यांवर दव होऊन साचते आणि गंज धरतो.

वायरिंग आधी, अस्तर नंतर. अस्तराला पातळ प्लायवूड किंवा पीव्हीसी फोमशीट वापरतात; अशा शीट जळगावातही बनतात. खिडक्यांना काढ-घाल करता येणारे पडदे लागतातच. नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ खाली येतात. त्यामुळे आरटीओकडे आधी चौकशी करावी.