पडद्यावरचे गाव आणि वऱ्हाडातले गाव

१९५० ते १९६५ या काळातील चित्रपटांत तत्कालीन ग्रामीण समाजाचे प्रतिबिंब पडले असे मानले जाते. मात्र बुलढाणा जिल्ह्यातून पाहिले असता ते प्रतिबिंब नेमके कोणत्या गावाचे, हा प्रश्न उभा राहतो. ‘प्रभात’ कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यात आली आणि पुढेही मराठी चित्रपटनिर्मितीची मुळे याच भागात राहिली, त्यामुळे मराठी पडद्यावरचे गाव बहुधा पश्चिम महाराष्ट्रातले असे. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मधील (१९५९) तमाशाचा फड किंवा भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मधील (१९६५) लोहार दांपत्य हे त्याच मातीतले.

वऱ्हाडातला बुलढाणा मात्र १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात होता. चित्रपटांच्या वितरणासाठी व्यवसायाने देशाचे जे विभाग पाडले, त्यांत हा प्रदेश ‘सीपी-बेरार’मध्ये, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडे; तो प्रांत नकाशावरून गेला, तरी व्यवसायातले ते नाव टिकून आहे.

निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात पुढे मुख्यतः रयतवारी, म्हणजे सरकारने शेतसारा थेट खातेदाराकडून घेण्याची पद्धत, लागू झाली, आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाल्यावर बुलढाणा जिल्ह्यातील खामगावची कापूसपेठ दूरच्या बाजाराशी अधिकच जोडली गेली. पीक विकण्यासाठी काढायचे आणि पेरणीसाठी सावकाराकडून उचल घ्यायची, या चक्रात खातेदाराचा खरा सामना जमीनदारापेक्षा सावकाराशी होता. म्हणूनच ‘दो बिघा जमीन’मधील (१९५३) बंगालचा जमीनदार येथे परका वाटावा, तर ‘मदर इंडिया’मधील (१९५७) सुखीलाला, जो कर्जाच्या हिशेबात पिकाचा मोठा वाटा उचलून नेतो, ओळखीचा वाटावा. वऱ्हाडी बोलीचा एकही शब्द नसलेले हे हिंदी गाव कर्जाच्या व्यवहारापुरते तरी मराठी चित्रपटांतील गावांहून वऱ्हाडाला अधिक जवळचे होते, आणि ही मराठी चित्रपटाची मोठी उणीव मानली पाहिजे.

तुलनेसाठी पाहायचे तर, अमेरिकेत ओक्लाहोमातील जमिनीवरून हुसकावलेल्या कुळांची कथा १९३९ च्या कादंबरीवरून जॉन फोर्ड यांनी १९४० मध्येच ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या चित्रपटात मांडली. मराठीत मात्र विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्याची विवंचना त्याच्या बोलीसह मध्यवर्ती ठेवणारा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ मध्ये आला.