निकोची पेटी

आपल्या गावाकडच्या महिला भजनी मंडळांत एक गोष्ट आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. गाणाऱ्या बायका, टाळ वाजवणाऱ्या बायका, पण पेटीवर मात्र कुणीतरी दादा किंवा काका. ते आले तर भजन, नाही आले तर नुसत्या टाळ्या. मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईने अंतर्गत कर्जातून पेटी घ्यायचं म्हटलं, तर बैठकीत पहिला प्रश्न आला, "पेटीने काय उत्पन्न येणार? शेळी घे त्यापेक्षा." त्या बैठकीत आम्हीही लगेच हो म्हणू शकलो नव्हतो. तेव्हापासून एका बाईची गोष्ट सांगायची मनात होती. ती जर्मनीची, तिचा आपल्या गावांशी काही संबंध नाही. पण तिच्या आयुष्यातही एक पेटी होती.

तिचं खरं नाव क्रिस्टा पेफगेन. जन्म १६ ऑक्टोबर १९३८, जर्मनीतल्या कोलोन शहरात. वर्षभराच्या आत दुसरं महायुद्ध सुरू झालं. वडील युद्धाच्या वर्षांत गेले. कोलोनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा आईने लेकीला घेऊन बर्लिनजवळच्या एका लहान गावात आजोबांकडे आसरा घेतला. युद्ध संपल्यावर मायलेकी बर्लिनला आल्या. शहर म्हणजे विटा-मातीचे ढिगारे. आई शिवणकाम करून घर चालवायची. क्रिस्टाची शाळा तेराव्या वर्षाच्या सुमाराला सुटली आणि ती कपड्यांच्या दुकानात विक्रीला उभी राहिली. आपल्याकडच्या किती मुलींची गोष्ट इथपर्यंत अशीच आहे, हे तुम्हाला आम्ही वेगळं सांगायला नको.

पोर उंच, गोरीपान, रेखीव. कपडे घालून फोटो काढून देण्याचं, म्हणजे मॉडेलचं काम तिला मिळालं. एका फोटोग्राफरने तिला नवं नाव दिलं, निको. हे नावसुद्धा त्याच्या माहितीतल्या एका पुरुषाचं. पुढे सगळं जग तिला त्याच नावाने ओळखू लागलं. ती पॅरिसला गेली, मोठमोठ्या फॅशन मासिकांत झळकली. फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६० च्या 'ला डोल्चे व्हिटा' या गाजलेल्या सिनेमात तिला छोटं काम मिळालं. पैसे बरे होते. पण मॉडेलच्या कामात बोलायचं नसतं. उभं राहायचं, बघायचं, दुसऱ्याने सांगितलं तसं वळायचं. आणि वय वाढलं की काम थांबतं.

१९६२ मध्ये तिला मुलगा झाला. मुलाच्या बापाने त्याला कधी आपलं म्हटलं नाही. निको कामासाठी देशोदेशी फिरत होती, तेव्हा त्या मुलाला वाढवलं ते त्याच बापाच्या आईने.

निकोला गायचं होतं. १९६५ मध्ये लंडनला तिची पहिली तबकडी निघाली, ती फार चालली नाही. मग ती न्यूयॉर्कला गेली. तिथे अँडी वॉरहॉल नावाचा चित्रकार होता. त्याच्या स्टुडिओत कलाकारांचा सारखा राबता असायचा. 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' नावाचं चार जणांचं एक रॉक पथक त्याने हाताशी धरलं होतं. रॉक म्हणजे विजेवर चालणाऱ्या गिटारी, ड्रम, मोठा आवाज, तरुणांचं संगीत. वॉरहॉलला वाटलं, या पथकापुढे एक देखणी बाई उभी केली पाहिजे. पथकाला ते फारसं रुचलं नाही, पण निको उभी राहिली. १९६७ मध्ये त्यांची तबकडी आली. वॉरहॉलने काढलेलं केळ्याचं चित्र तिच्या वेष्टनावर होतं. अकरा गाण्यांपैकी तीन गाण्यांत मुख्य आवाज निकोचा. तबकडीच्या नावात मात्र ती वेगळी राहिली, 'द वेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको'. पथक, आणि शिवाय निको. तेव्हा ती तबकडी फारशी खपली नाही, आज मात्र रॉकच्या इतिहासात ती मोठी मानली जाते.

त्याच वर्षी तिच्या एकटीच्या नावाची तबकडी आली, 'चेल्सी गर्ल'. वेष्टनावर चेहरा तिचा, आत आवाज तिचा. पण एक गाणं रचण्यात तिचा वाटा होता तेवढं सोडलं, तर बाकीची गाणी पुरुषांनी रचलेली. रेकॉर्डिंग झाल्यावर निर्मात्याने तिला न विचारता त्यात व्हायोलिनचा ताफा आणि बासरी भरली. तयार तबकडी ऐकून ती रडली. त्या बासरीबद्दलची तिची तक्रार पुढे बरीच वर्षं गेली नाही.

मैत्रिणींनो, इथून गोष्ट वळते. जिम मॉरिसन नावाच्या गायकाने तिला सांगितलं, तू स्वतः गाणी लिही, स्वप्नं पडतात ती लिहून काढ. सल्ला त्याने दिला, काम तिलाच करायचं होतं. तिशीच्या उंबरठ्यावर, संगीताचं कुठलंही शिक्षण नसताना तिने एक पेटी घेतली. हो, आपल्या ओळखीची पेटी. भात्याने हवा भरायची आणि पट्ट्यांवर बोटं ठेवायची. मराठीत आपण तिला पेटी म्हणतो म्हणून ती आपलीच वाटते, पण हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा, १८४० च्या सुमाराचा. पुढे कोलकात्याच्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं. आपल्या संगीत नाटकांनी आणि कीर्तन-भजनांनी तिला घरोघर नेलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. गंमत बघा, निको पेटी शिकत होती तेव्हा आपल्या आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. या वाद्यातून मींड निघत नाही, ते आपल्या गाण्याला शोभत नाही, असं कारण देऊन १९४० साली बंदी आली, ती उठायला १९७१ उजाडलं.

रॉकच्या जगात तर पेटी क्वचितच दिसायची. पण निकोला तेच हवं होतं. पेटीवर एक सूर धरला की तो लांबच लांब राहतो. त्यावर तिचा जाड, खालच्या पट्टीतला आवाज जणू विहिरीतून यावा तसा यायचा. १९६८ मध्ये 'द मार्बल इंडेक्स' ही तबकडी आली. बाकीची वाद्यं वेल्व्हेट अंडरग्राउंडमधल्या जॉन केलने बसवली, पण ती तिच्या पेटीच्या आणि आवाजाच्या भोवती. गाणी सगळी तिची. सोनेरी केस तिने मेंदीने रंगवले, कपडे काळे घालू लागली. लोकांनी आपल्याकडे बघायचं सोडून आपल्याला ऐकावं, असाच त्याचा अर्थ आम्हाला लागतो.

तबकडी खपली नाही. १९७० ला दुसरी आली, १९७४ ला तिसरी. ऐकणारे थोडे, पैसा त्याहून थोडा. हेरॉईनच्या व्यसनाने तिला धरलं, ते कितीतरी वर्षं. परक्या वंशाच्या लोकांबद्दल ती वाईट बोलायची, असंही तिच्यासोबत काम केलेल्यांनी सांगितलंय. हे आम्ही झाकत नाही. कुणाची गोष्ट सांगायची म्हणजे तिला देवी करायची असं नाही.

१९७८ च्या सुरुवातीला तिची पेटी चोरीला गेली. हातात पैसा नाही. शिवणयंत्र गेलं तर शिवणाऱ्या बाईचं काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा पॅरिसमध्ये पॅटी स्मिथ या अमेरिकन गायिकेने तिला दुसरी पेटी घेऊन दिली. पॅटी वयाने लहान, पण स्वतः कमावती. आमच्या मते रॉकच्या इतिहासातली ही लहानशी गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहायला हवी. कारण चेहऱ्यासाठी निकोला बोलावणारे पुष्कळ होते. हातातलं हत्यार परत मिळवून दिलं ते एका बाईने.

त्या पेटीवर ती पुढेही गात राहिली. इंग्लंडमधल्या मँचेस्टरला राहून, तरुण वादक सोबत घेऊन, लहान-मोठ्या ठिकाणी कार्यक्रम करत. शेवटच्या काळात औषधोपचार घेऊन व्यसनातून बाहेर पडायची धडपड चालू होती. जून १९८८ मध्ये बर्लिनला तिचा शेवटचा कार्यक्रम झाला. १८ जुलैला स्पेनच्या इबिझा बेटावर ती सायकलवरून पडली आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली. वय ४९. बर्लिनमध्ये आईच्याच कबरीत तिला जागा मिळाली. आज नव्या पिढीचे कितीतरी गायक-गायिका तिच्या त्या न खपलेल्या तबकड्यांतून शिकतात.

पेटीने निकोला श्रीमंत केलं नाही, सुखीही केलं असं म्हणता येणार नाही. तिच्याकडे ना शिल्लक होती, ना अडचणीला धावून येणारा गट. एक मैत्रीण एकदा आली, तेवढंच. पण पेटी हातात आल्यावर तिची गाणी तिची झाली. कुणी न विचारता त्यांत बासरी भरली नाही.

आमच्या त्या ताईचं कर्ज शेवटी मंजूर झालं. हप्ते वेळेवर येतायत. तिची बोटं अजून अडखळतात, गावातले काही जण हसतात. पण परवाच्या एकादशीला पेटीवाले काका आले नाहीत, तरी भजन झालं. पुढच्या बैठकीत कुणी असं काही मागितलं, तर शेळीचा हिशेब जरूर मांडा, पण त्या वस्तूने तिचं कुणावाचून अडायचं थांबणार आहे का, हेही विचारा.