जेरुसलेमची पत्रे

आज ईमेलमधून येणाऱ्या फसव्या निरोपांची कुळकथा संगणकापाशी सुरू होत नाही. ती फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील तुरुंगांपर्यंत मागे जाते. स्वतः गुन्हेगार असलेला आणि पुढे पॅरिसच्या गुप्तपोलीस दलाचा प्रमुख झालेला व्हिदोक याने ‘जेरुसलेमची पत्रे’ नावाच्या या धंद्याचे वर्णन केले आहे. कैदी सधन माणसांची नावे मिळवीत, आपण परागंदा सरदाराचे सेवक असून पळताना सोन्याहिऱ्यांची पेटी तळ्यात टाकावी लागली असे कळवीत, आणि ती काढण्यापुरती थोडी उचल मागत. शंभरांतील वीस पत्रांना उत्तर येई, असे तो नोंदवतो. तेव्हा फसलेल्यांना मूर्ख ठरवणे अन्यायाचे आहे. गुप्ततेची विनंती ही अशा पत्राची सर्वांत पक्की खूण होय, कारण ते चारचौघांत वाचले गेले की बनाव उघडा पडे.

पुढे हाच मजकूर ‘स्पॅनिश कैदी’ म्हणून अमेरिकेत पोहोचला, तर नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील कलमावरून त्याच्या तेथील रूपाला ‘४१९’ हे नाव मिळाले. १९९० च्या दशकात ईमेलमुळे टपालखर्च संपला आणि ‘फिशिंग’, म्हणजे ओळखीच्या संस्थेचे सोंग घेऊन पासवर्ड काढून घेणे, रूढ झाले. अशा ईमेलमध्ये दर्शनी नावामागचा पत्ता अनेकदा एखाद्या अक्षराने वेगळा असतो.