आर्मागेडन

आर्मागेडन : ख्रिस्ती श्रद्धेनुसार जगाच्या अंतकाळी होणाऱ्या निर्णायक युद्धाचे स्थान. बायबलमध्ये हे नाव एकदाच, ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात येते. तेथे बेडकांसारखे तीन अशुद्ध आत्मे जगभरच्या राजांना या ठिकाणी एकत्र आणतात. प्रत्यक्ष लढाईचे वर्णन मात्र तेथे नाही, हे आवर्जून लक्षात घ्यावे.

ग्रंथ ग्रीकमध्ये असला तरी हा शब्द हिब्रू असल्याचे त्यातच सांगितले आहे. ‘हर’ म्हणजे पर्वत आणि ‘मगिद्दो’ हे नगर, अशी त्याची फोड बहुतेक अभ्यासक करतात. अडचण अशी की मगिद्दो येथे पर्वत नाही. उत्तर इस्राएलमधील इज्रेल खोऱ्याच्या कडेला, एकावर एक वसलेल्या वस्त्यांच्या थरांनी बनलेले ते एक पांढरीचे टेकाड आहे. तरीही प्रतीक म्हणून हे नाव अत्यंत समर्पक वाटते. इजिप्तहून सिरियाकडे जाणारा प्राचीन मार्ग येथूनच जाई. इ. स. पू. पंधराव्या शतकात तिसऱ्या थुतमोसने येथे कनानी राजांचा पराभव केला. इ. स. पू. ६०९ मध्ये यहूदाचा धर्मनिष्ठ राजा योशिया येथेच इजिप्तच्या फेरोकडून मारला गेला, आणि ज्यू स्मृतीत हे नाव शोकाशी कायमचे जोडले गेले.