रानाची पत्नी

‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात होमर ग्रीक देवी आर्टेमिसला ‘पोत्निया थेरॉन’ म्हणतो. ‘थेर’ म्हणजे रानातलं जनावर. ‘पोत्निया’ मात्र आपण मोठ्याने म्हणून पाहावा, कारण तो आपल्याच घरातला शब्द आहे. संस्कृत ‘पत्नी’ आणि ग्रीक ‘पोत्निया’ या एकाच मुळाच्या दोन लेकी.

आणि आर्टेमिस तर आजन्म कुमारी! इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या कवी कॅलिमॅकसच्या स्तोत्रात ही पोर बापाच्या, झ्यूसच्या, मांडीवर बसून हट्ट करते: मला कायम कुमारी राहू दे, धनुष्यबाण दे, गुडघ्यापर्यंतचं वस्त्र दे आणि भाऊ अपोलोला बरोबरी करता येणार नाही इतकी नावं दे. शब्दांच्या मागे लागणाऱ्याला ही शेवटची मागणी फार आवडते.

मग कुमारिकेला ‘पत्नी’ कसं म्हटलं? ‘पती’चा मूळ अर्थ स्वामी, धनी. सेनापती, कुलपती, लखपती यांत तो अजून शाबूत आहे. पत्नी म्हणजे स्वामिनी, जिची सत्ता चालते ती. ऋग्वेदात सिनीवाली या देवीला ‘विश्पत्नी’ म्हटलंय, म्हणजे कुळाची, प्रजेची स्वामिनी, आणि तिच्याकडे मागणं आहे ते संततीचं. आर्टेमिसही बाळंतिणींची राखणदार. आपण आधी जन्मून तिने आई लेटोला अपोलोच्या वेळी सोडवलं, अशी कथा आहे. पुढे आपल्याकडे ‘पती’ने दोन्ही अर्थ राखले, ‘पत्नी’च्या हातून मात्र सत्ता गेली आणि नातं तेवढं उरलं. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘राष्ट्रपत्नी’ हा शब्द कुणाच्या जिभेला मानवेना, त्याचं कारण हेच. मला ही हानी खरोखर लागते. पोत्निया थेरॉन म्हणजे वन्य पशूंची स्वामिनी. हरणं मारणारीही तीच आणि पाडसं जपणारीही तीच.

तिच्या मुख्य नावाचं कुलूप मात्र आजवर उघडलेलं नाही. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये ज्या लिपीचा उलगडा केला, त्या लिपीतल्या पायलॉसच्या मातीच्या पाट्यांवर हे नाव दिसतं. म्हणजे ते तीन हजार वर्षांहून जुनं. प्लेटोने ‘क्रॅटिलस’मध्ये त्याचा संबंध ‘आर्टेमेस’शी, म्हणजे अक्षत, धडधाकट या अर्थाच्या शब्दाशी लावला. ‘आर्टामोस’ म्हणजे खाटीक, तिकडेही कुणी बोट दाखवतं. कदाचित नाव मुळात ग्रीक नसेलच.

आणखी एक ओढ आहे ती ‘आर्क्टोस’कडे, म्हणजे अस्वलाकडे. व्युत्पत्ती म्हणून ती सिद्ध झालेली नाही, पण देवीच्या अंगणात अस्वल आहेच. अ‍ॅटिकाच्या पूर्व किनाऱ्यावर ब्राउरॉन इथे तिचं ठाणं होतं. तिथे पाळलेल्या एका अस्वलाने मुलीला ओरबाडलं, तिच्या भावांनी ते मारलं, आणि देवीचा कोप झाला. प्रायश्चित्त म्हणून अथेन्सच्या लहान मुली केशरी वस्त्र नेसून तिथे ‘अस्वल’ होत. त्या मुलींना नावच होतं ‘आर्क्टोइ’, अस्वलं. १९४८ पासूनच्या उत्खननात तिथे चिमुकल्या मुलींचे संगमरवरी पुतळे निघाले.

आर्टेमिसची सखी कॅलिस्टो. झ्यूसपासून तिला दिवस गेले, ती अस्वल झाली आणि शेवटी आकाशात गेली. तिथे ती उत्तरेची मोठी अस्वलीण आहे. तिच्याखालचा प्रदेश तो आर्क्टिक.

‘आर्क्टोस’चं संस्कृत भावंड म्हणजे ‘ऋक्ष’. जांबवान ऋक्षराज, तोच हा शब्द. जुन्या मराठीतली ‘रीस’ आणि हिंदीतलं ‘रीछ’ त्याचेच वंशज. आणि शतपथ ब्राह्मण सांगतं की सप्तर्षींना, म्हणजे त्या मोठ्या अस्वलिणीच्याच ताऱ्यांना, पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत. म्हणजे आपल्या सात ऋषींच्या जागीही एके काळी हेच नाव चमकत होतं.

युरोपात उत्तरेकडच्या शिकारी लोकांनी मात्र हा शब्द टाकून दिला. अस्वलाचं नाव घेतलं तर ते येईल, अशी भीती. रशियन ‘मेद्व्येद’ म्हणजे मध खाणारा. त्यात आपला ‘मधु’ आहे आणि खाण्याचा ‘अद्’ धातूही. आपल्या खेड्यात तिन्हीसांजेला सापाला ‘जनावर’ नाहीतर ‘लांबडं’ म्हणतात, तीच ही रीत.

आर्टेमिसचं स्वतःचं नाव आपल्याकडे आलं ते एका रोपाच्या नावातून. चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याचं शास्त्रीय नाव ‘आर्टेमिसिया पॅलन्स’. रोमन लेखक प्लिनीच्या मते ‘आर्टेमिसिया’ ही वनस्पती त्याच नावाच्या एका राणीवरून ओळखली जाई, किंवा बायकांच्या दुखण्यांवर ती उपयोगी म्हणून प्रसूतिदेवता आर्टेमिसच्या नावावरून. वाडी रत्नागिरीच्या, जोतिबाच्या डोंगरावर गुलालात माखलेली दवण्याची जुडी हुंगली की मला ती गुडघ्यापर्यंत वस्त्र नेसलेली, बापाकडे नावं मागणारी पोर आठवते.