जेधे चौक ते दाभाडी : डाव्या पक्षातील ‘जात की वर्ग’ हा वाद
शेतकरी कामगार पक्षाच्या वाटचालीतील मतभेद आणि नेतृत्वबदलांचा मागोवा

प्रतिनिधी

पुणे - स्वारगेटच्या ज्या चौकातून सातारा, सोलापूर आणि कोकणाकडे जाणाऱ्या एसटी गाड्या बाहेर पडतात, त्या चौकाला देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव आहे. अलका टॉकीजकडून येणारा टिळक रस्ता याच चौकाला येऊन मिळतो. लोकमान्यांच्या नावाचा रस्ता आणि त्यांच्यावर जहाल टीका करणारी पुस्तिका प्रसिद्ध करणाऱ्या जेध्यांच्या नावाचा चौक येथे एकमेकांना भिडतात, ही गोष्ट रोजच्या प्रवाशांच्या क्वचितच ध्यानात येत असेल. शेतकरी कामगार पक्ष या महाराष्ट्रातील अस्सल देशी डाव्या पक्षाच्या संस्थापकांत जेधे अग्रभागी होते. जातीविषयीची भूमिका आणि नेतृत्व या दोन प्रश्नांवर हा पक्ष स्थापनेनंतर अवघ्या सहा-सात वर्षांत अनेकदा दुभंगला.

एखाद्या समाजगटाविषयीचा आकस डाव्या पक्षात शिरतो का, शिरल्यास तो ओळखायचा कसा आणि त्याचा निवाडा कोणी करायचा, हे प्रश्न अलीकडे ब्रिटनच्या मजूर पक्षामुळे जगभर चर्चेत आले. तेथे वाद ज्यूद्वेषाचा होता. महाराष्ट्रात हाच पेच जातीच्या रूपाने फार पूर्वी उभा राहिला होता.

पुण्यातील ब्राह्मणेतर चळवळ

केशवराव जेधे यांचा जन्म १८९६ मध्ये पुण्यात झाला. शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन हे १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीचे केंद्र होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा वारसा आणि छत्रपती शाहू महाराजांचा पाठिंबा यांतून ही चळवळ वाढली होती. गणेशोत्सवातील मेळ्यांना उत्तर म्हणून जेधे व त्यांचे सहकारी दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढला. त्यातील पदांवरून शहरात अनेकदा तणाव निर्माण झाला. पुणे नगरपालिकेत महात्मा फुले यांच्या पुतळ्याची मागणी जेधे यांनी लावून धरली. तीस तीव्र विरोध झाला.

याच वातावरणात १९२५ मध्ये जवळकर यांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर तीत अत्यंत कडवट शब्दांत टीका होती. अब्रुनुकसानीचा खटला होऊन जवळकर, जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बचावाचे काम पाहिले आणि ऑक्टोबर १९२६ मध्ये सर्वांची निर्दोष मुक्तता झाली.

महाडच्या निमित्ताने झालेला खुलासा

पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकर आणि जेधे-जवळकर यांच्यातील एक महत्त्वाचा मतभेद पुढे आला. महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देण्यास जेधे-जवळकर तयार होते. मात्र सत्याग्रहात ब्राह्मणांना सामील करून घेऊ नये, अशी त्यांची अट होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. आपला झगडा ब्राह्मण्याशी, म्हणजे उच्चनीचतेच्या व्यवस्थेशी आहे. ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या व्यक्तींशी नाही, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे मांडली. ब्राह्मण्य ब्राह्मणेतरांतही असू शकते आणि ते सोडलेला ब्राह्मण चळवळीचा सहकारी होऊ शकतो, असा त्याचा अर्थ होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव गं. नी. सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला. पुण्यात प्रत्यक्ष लोकमान्यांचे पुत्र श्रीधरपंत टिळक हे डॉ. आंबेडकरांच्या समाज समता संघाचे कार्यकर्ते झाले.

व्यवस्थेवरील टीका आणि माणसांविषयीचा द्वेष यांतील ही सीमारेषा पुढील सर्व वादांची किल्ली मानता येते. पहिली सामाजिक न्यायासाठी आवश्यक असते. दुसरा त्या न्यायाचाच घात करतो. अर्थात, शतकानुशतके विद्या व अधिकार हाती असलेल्या जातीविरुद्धचा राग आणि युरोपात अल्पसंख्य ज्यूंचा झालेला छळ यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. तथापि जन्मावरून माणसाची परीक्षा करण्याची सवय दोहोंत सारखीच घातक ठरते.

काँग्रेस प्रवेश आणि भ्रमनिरास

सन १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात जेधे काँग्रेसच्या चळवळीत उतरले. काकासाहेब गाडगीळ या ब्राह्मण नेत्याशी त्यांची झालेली जोडी पुण्याच्या राजकारणाला कलाटणी देणारी ठरली. ब्राह्मणेतर समाज मोठ्या संख्येने काँग्रेसकडे वळला. पुढे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपदही जेधे यांच्याकडे आले. जवळकर यांनी अखेरच्या काळात शेतकऱ्यांच्या आर्थिक प्रश्नांना हात घातला होता. परंतु १९३२ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

स्वातंत्र्य जवळ आले तसा काँग्रेसमधील बहुजन कार्यकर्त्यांत असंतोष वाढू लागला. चळवळीत तुरुंगवास भोगणारा शेतकरी आणि निर्णय घेणारे नेते वेगळे, अशी त्यांची तक्रार होती. या असंतोषातून शंकरराव मोरे, केशवराव जेधे, क्रांतिसिंह नाना पाटील, तुळशीदास जाधव, भाऊसाहेब राऊत, दत्ता देशमुख आदींनी १९४७ मध्ये काँग्रेसअंतर्गत शेतकरी कामगार संघ उभा केला. पक्षांतर्गत स्वतंत्र संघटना चालू देण्यास काँग्रेसने नकार दिल्यावर १९४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष वेगळा झाला.

हा काळ अत्यंत नाजूक होता. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यावर पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली या भागांत ब्राह्मणांची घरे व दुकाने जाळण्यात आली. गुन्हेगाराच्या जातीवरून त्या जातीच्या निरपराध कुटुंबांना शिक्षा देण्याचा तो प्रकार होता. खेड्यांतील अनेक घरे त्यानंतर कायमची उठून शहरांत आली. ब्राह्मणेतर चळवळीचा वारसा सांगणाऱ्या नव्या पक्षाकडे ‘हा पक्ष जातीचा की शेतकरी-कामगारांचा?’ या प्रश्नाने पाहिले जाणे स्वाभाविक होते.

दाभाडीचा प्रबंध

या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर पक्षाने १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे दिले. ‘दाभाडी प्रबंध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमिकेत पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार केला. समाजाची मुख्य विभागणी जातीची नसून वर्गाची आहे, असे मानल्यावर ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाला पक्षात अधिकृत स्थान उरले नाही. एस. एम. जोशी यांच्यासारखे नेते ज्या समाजवादी परंपरेत घडले, तिच्यापेक्षा ही वाट निराळी होती. तिची मुळे ग्रामीण महाराष्ट्रात होती.

परंतु प्रबंध मंजूर झाल्याने मतभेद मिटले नाहीत. पक्षात मुख्यतः तीन प्रवाह होते. बहुजन समाजाला सत्तेत वाटा मिळावा, एवढ्यासाठी आलेल्यांना लेनिन परका वाटत होता. दुसरीकडे दत्ता देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पक्ष पुरेसा क्रांतिकारक वाटत नव्हता. या दोहोंमध्ये शेतीमालाचा भाव, कुळांचे हक्क आणि दुष्काळ यांसाठी लढणारा मोठा कार्यकर्तावर्ग होता. देशमुख यांच्या गटाने बाहेर पडून कामगार किसान पक्ष स्थापन केला. नाना पाटीलही पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकी शेकापला १४ जागा मिळाल्या. काँग्रेसला पर्याय होण्याची आशा मावळली. १९५४ मध्ये जेधे आणि मोरे या दोन्ही संस्थापकांनी काँग्रेसमध्ये परत जाण्याचा निर्णय घेतला. १९५७ मध्ये जेधे काँग्रेसतर्फे बारामतीतून लोकसभेवर निवडून आले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे काँग्रेसचे, तर शरद पवार यांचे बंधू वसंतराव पवार शेकापचे उमेदवार होते. तरुण शरद पवार यांनी त्या वेळी भावाविरुद्ध काँग्रेसचा प्रचार केला होता.

दुसरी पिढी

संस्थापक गेल्यावर पक्ष संपेल, हा अंदाज मात्र खोटा ठरला. उद्धवराव पाटील, कृष्णराव धुळूप, दि. बा. पाटील, एन. डी. पाटील, गणपतराव देशमुख या पिढीने पक्ष सावरला. संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक म्हणून १९५७ मध्ये पक्षाचे ३१ आमदार निवडून आले. रायगडमध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून झालेल्या चरीच्या शेतकरी संपाचा वारसा पक्षाला लाभला. धुळूप आणि दि. बा. पाटील यांनी विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद भूषविले. गणपतराव देशमुख सांगोल्यातून तब्बल ११ वेळा निवडून आले.

त्याच वेळी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’ने शेकापचे अनेक कार्यकर्ते काँग्रेसमध्ये ओढून नेले. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका आणि १९६२ मध्ये अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांमुळे बहुजन समाजातील पुढारीवर्गाला सत्तेची दारे खुली झाली. ज्या तक्रारीतून पक्ष जन्मला, ती एका जातीपुरती बऱ्याच अंशी दूर झाली. भूमिहीन आणि दलितांची तक्रार मात्र तशीच राहिली.

अन्य डाव्या पक्षांतील अनुभव

हा पेच केवळ शेकापपुरता नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत धोटा बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे. त्या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात घेतले जात नसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी या अन्यायाकडे कम्युनिस्ट पुढाऱ्यांचे लक्ष वेधले. महाडच्या सत्याग्रहाचे एक संघटक असलेले रा. भि. मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. अस्पृश्यता व जातीच्या प्रश्नाची पक्षाने स्वतंत्र दखल घ्यावी, असे निवेदन त्यांनी १९५३ मध्ये वरिष्ठ नेतृत्वाकडे दिले. ते अखेरपर्यंत पक्षातच राहिले. धुळ्याचे शरद पाटील यांनी मात्र याच प्रश्नावर १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. वर्गलढा जिंकल्यावर जात आपोआप जाईल, हे त्यांना मान्य नव्हते.

ब्रिटनमधील समांतर उदाहरण

ब्रिटनच्या मजूर पक्षात जेरेमी कॉर्बिन सप्टेंबर २०१५ मध्ये नेते झाले. पॅलेस्टाइनला पाठिंबा देताना काही सदस्य ज्यूद्वेषाची भाषा वापरतात आणि नेतृत्व त्याकडे कानाडोळा करते, असे आरोप त्यानंतर वाढत गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ल्युसियाना बर्जर यांच्यासह काही खासदारांनी पक्ष सोडला. डिसेंबर २०१९ मधील पराभवानंतर कॉर्बिन पायउतार झाले आणि एप्रिल २०२० मध्ये कीर स्टार्मर नेते झाले. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तेथील समानता व मानवी हक्क आयोगाने आपला अहवाल दिला. तक्रारींच्या चौकशीत राजकीय हस्तक्षेप, चौकशी करणाऱ्यांना अपुरे प्रशिक्षण आणि छळवणूक या बाबतींत पक्षाने समानता कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष त्यात होता. समस्येची व्याप्ती राजकीय हेतूने फुगविली गेली, असे म्हटल्यावरून कॉर्बिन यांना त्याच दिवशी निलंबित करण्यात आले. २०२४ मध्ये ते अपक्ष म्हणून निवडून आले, तर त्याच निवडणुकीत मजूर पक्ष सत्तेवर आला. आरोप खरे होते की ते गटबाजीचे हत्यार होते, हा वाद तेथे त्यानंतरही चालू राहिला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मात्र त्या वादात पुष्कळदा विसरले गेले.

निष्कर्ष

दोन्ही उदाहरणांतून एक फरक स्पष्ट होतो. ब्रिटनमध्ये आकसाची तक्रार पक्षाबाहेरील वैधानिक आयोगाकडे गेली आणि तिचा लेखी निवाडा झाला. महाराष्ट्रातील डाव्या पक्षांत जातीचा प्रश्न ठराव, प्रबंध आणि फुटी यांतूनच हाताळला गेला. नाराज माणसे बाहेर पडली, नेतृत्व बदलले. पण तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा क्वचितच उभी राहिली. ‘आम्ही वर्ग मानतो, जात मानत नाही’ हे उत्तर कार्यकर्त्याला जातीच्या अहंकारापासून परावृत्त करू शकते. तसेच पक्षातील जातीची तक्रार गप्प बसविण्यासाठीही ते वापरता येते. त्यामुळे ठरावाच्या शब्दांइतकेच तो कोणाच्या तोंडी आणि कोणत्या प्रसंगी येतो, यालाही महत्त्व असते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शेकापला सांगोल्याची एकच जागा मिळाली. गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख तेथून विजयी झाले. पक्षाची ताकद घटली असली, तरी त्याने उभा केलेला प्रश्न लहान झालेला नाही. आरक्षणापासून शेतीमालाच्या भावापर्यंतच्या प्रत्येक आंदोलनात शोषितांच्या बाजूने बोलताना द्वेष टाळायचा कसा, याचा निर्णय कार्यकर्त्यांना करावाच लागतो. महाडच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी आखलेली सीमारेषा त्यासाठी अजूनही उपयोगी पडणारी आहे.

ठळक घटनाक्रम

१९२५ : ‘देशाचे दुश्मन’ पुस्तिका प्रसिद्ध
१९२६ : अपिलात जेधे, जवळकर व सहकारी निर्दोष
१९२७ : महाड सत्याग्रहात ब्राह्मणांना वगळण्याची अट डॉ. आंबेडकरांकडून अमान्य
१९४७ : काँग्रेसअंतर्गत शेतकरी कामगार संघ
१९४८ : शेतकरी कामगार पक्ष स्वतंत्र
१९५० : दाभाडी प्रबंध
१९५४ : जेधे व मोरे काँग्रेसमध्ये परत
१९५७ : संयुक्त महाराष्ट्र समितीतर्फे शेकापचे ३१ आमदार
१९७८ : शरद पाटील यांचा सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष
२०२४ : विधानसभेत शेकापची एक जागा